तिसऱ्या खणाखालची जागा

ब्रोकहॉर्स्टच्या मठात, साध्वी मेटे हिच्या हाती द्यावे.
संत मायकेलच्या सणानंतरचा मंगळवार, सन १३८७

आणि वर हसतेस. मी दोन तास चिखल तुडवत यायचं, तुमच्या त्या बोलायच्या खिडकीपाशी उभं राहायचं, काळ्या पडद्याला तोंड लावून सांगायचं की मेटे, तुझी बसायची जागा बदल, आणि पडद्यामागून काय येतं तर हसू. एकदा नाही, तीनदा सांगितलं. ईस्टरला सांगितलं, योहानच्या सणाला सांगितलं, परवा सांगितलं. दर वेळी तू विचारतेस, "का गं ताई?" आणि तुझ्या शेजारी राखणीला बसवलेली ती म्हातारी कान देऊन बसलेली असते, तिचा श्वास मला इकडे ऐकू येतो. अशात माणूस काय बोलणार?

म्हणून लिहिते. वाकडंतिकडं आहे, चालवून घे. चर्चच्या घंटावाल्यानं एक हिवाळा शिकवलं तेवढंच येतं, आणि तेही त्याच्या छपराला कौलं हवी होती म्हणून. उपमाता इल्झेबे, हे तुम्ही आधी वाचणार हे मला ठाऊक आहे. वाचा. अक्षर घाण आहे, डोळे जपा.

मेटे, तुला खोकला आहे. तू बसतेस तिथे उत्तरेची भिंत आहे, वारा लागतो. तू लहानपणापासून छातीची कच्ची. चर्चमधल्या त्या वरच्या दालनात एवढी लाकडी आसनं आहेत, कुठल्याही दुसऱ्या आसनावर बस. पलीकडच्या रांगेत बस. दाराशी बस. मला एवढंच कळतं की मोठी बहीण सांगते तेव्हा धाकटीनं ऐकायचं असतं, मग ती घरी असो नाहीतर देवाच्या घरी.

दिवसातून सात वेळा तुम्ही प्रार्थना गायला तिथे जाता. सात वेळा मी इथे भट्टीवर हातातलं काम टाकून उभी राहते. आता जास्त विचारू नकोस.

तुझी ताई
वोबके


एल्मच्या वीटभट्टीवर, टिमेची विधवा वोबके हिला.
संत लूकच्या सणाचा आदला दिवस

ताई,

तुझं पत्र मिळालं. उपमाता म्हणाल्या, कळव तिला, डोळे जपले.

तुला वाटतं मी ऐकत नाही. अगं, इथे जागा म्हणजे जत्रेतला बाक नाही. जी ज्या दिवशी मठात आली त्या दिवसानं तिची जागा ठरते. बाबांनी मला आणून सोडलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. उद्या एखाद्या ड्यूकची मुलगी आली तरी ती माझ्या खालीच बसेल. पुढची गेली की आपण एक आसन वर सरकायचं, एवढंच. तापाच्या साथीनं पुढच्या कितीतरी नेल्या, म्हणून मी आता उत्तरेच्या रांगेत पाचवी आहे, छताच्या तिसऱ्या खणाखाली. खाली यायचा एकच रस्ता आहे, मोठा दोष करायचा. मग शिक्षा म्हणून सगळ्यात शेवटी बसवतात. आता खोकल्यासाठी मी दोष करू का?

आणि खरं सांगू, मला ती जागा सोडवत नाही. नव्या मुलींना मी नेहमी मठाची गोष्ट सांगते. काउंटची विधवा इथे आली तेव्हा नुसती दलदल होती, पहिल्या बारा बहिणी गवताच्या कोठारात बसून गात. मग आपल्या पणजोबांनी पहिल्या विटा भाजल्या. खालच्या चर्चच्या भिंती त्यांच्या, ओवरीची उत्तरेची बाजू बाबांची. आणि वर फळ्यांचं छत जळल्यावर चार खणांचं हे विटांचं छत झालं, ते माझ्या ताईचं. आमच्याकडे रंगीत काच नाही, मूर्ती नाही, मनोरा नाही, एवढीशी एक घंटा. सगळं पांढरं. त्या पांढऱ्यामागे काय आहे ते मला एकटीला ठाऊक. मी मुलींना सांगते, हे आभाळ माझ्या बहिणीनं भाजलंय.

पाऊस पडला की तिसऱ्या खणात ओलीचा डाग येतो. आमच्या नियमात भिंतीवर डाग बसत नाही, त्यामुळे डाग दिसला की चुना मारतात. या वर्षी चारदा मारला. कधीकधी माझ्या स्तोत्रांच्या पानावर चिमूटभर लाल भुकटी पडते. मी फुंकते आणि गाते. मला वाटतं, घरची माती भेटायला आली.

खोकला बरा आहे.

मेटे


मेटेला.
संत सायमन आणि ज्यूड यांच्या सणाचा दिवस

तुझं पत्र ल्यूडेकेनं मोठ्यानं वाचलं, कारण माझे हात मळलेले होते. लाल भुकटीपाशी आला तेव्हा मी त्याच्या हातून कागद ओढून घेतला. तो म्हणाला, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "तुझं काम कर." माझ्या पोराशी मी असं बोलत नाही.

भुकटी कधीपासून पडते? रोज का पावसानंतर? चिमूटभर म्हणजे किती? हे लिहायला तुला काय झालं होतं आधी?

उपमाता, चुना मारणं बंद करा आणि छपरावर माणूस चढवा. तिसऱ्या खणाच्या वरची कौलं फुटली असतील. डाग पुसून पाणी थांबत नाही. माझ्या घरी कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या हातातला कुंचला त्याच्याच डोक्यावर उलटा केला असता.

आता मेटे, तू. दोष केला की शेवटी बसवतात म्हणतेस ना? मग कर. तुला येत नसेल तर मी शिकवते. जेवताना बोल. मडकं फोड आणि म्हण, फुटलं तर फुटलं. म्हाताऱ्या बहिणीला तोंडावर म्हातारी म्हण. पस्तीस वर्षं शहाण्यासारखी वागलीस, देवाकडे तुझी एवढी तरी पत असेल.

तुला वाटेल ताईचं डोकं फिरलं. फिरलंय. आपण लहान असताना मातीच्या खड्ड्याच्या कडेला तू उभी होतीस आणि मी ओरडले, "मागे हो." तू का म्हणून विचारलं नव्हतंस. झालीस मागे, आणि कडा खाली गेली. तसं समज. मागे हो, बाई.

आणि माझ्या विटांचं कौतुक त्या पोरींना सांगू नकोस. मला नको ते.

वोबके


ताईला.
संत लेओनार्डच्या सणाचा दिवस

ताई, मी केलं.

सोमवारी जेवताना वाचन चालू होतं. कोणीही बोलायचं नसतं. मी शेजारणीला म्हटलं, "आज वाटाण्याचं सूप म्हणजे नुसतं गरम पाणी आहे, वाटाणा बहुतेक खिडकीतून बघून गेला." अगदी मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दोषसभेत उपमातांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का? मी म्हटलं, सूप होतंच तसं. एक बहीण खोकण्याचं नाटक करत होती, खांदे हलत होते तिचे. मला चाळीस दिवस शेवटची जागा मिळाली आणि आठवड्यातून दोन दिवस कोरडा पाव. मठमातांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी आजारीच आहे.

मग आता मी दाराशी आहे. बरं आहे इथे, निजायच्या दालनाकडून ऊब येते. चाळीस दिवसांनी परत जायचं, तोवर तुझं समाधान.

माझ्या खालच्या सगळ्या एकेक आसन वर सरकल्या. माझ्यानंतर साथीनं मधलं कोणी ठेवलंच नाही, म्हणून माझ्या आसनावर टालेके आली. तुमच्या गल्लीतल्या गेझे विणकरणीची. एकोणीस वर्षांची आहे, नऊ वर्षांपूर्वी आली. जागा मिळाली म्हणून किती खूश आहे ती. वरून साध्या काचेतला उजेड थेट पानावर पडतो ना, तिला अंधारात अक्षरं दिसत नाहीत. आज सकाळी मला ओवरीत खूण करून दाखवलं, पान लाल झालंय. मी हसले.

आता खरं सांग. तू मरणार आहेस का? मी रात्रभर हाच विचार केला. मला दाराशी आणून बसवलंस, म्हणजे तुझा निरोप आला तर मला पटकन बाहेर बोलवता यावं. असंच आहे ना? टिमेभावजी गेले तेव्हा मला तीन आठवड्यांनी कळलं, ते तुझ्या मनात राहिलंय. तुझ्या पोटात दुखतंय का? ल्यूडेकेला लिहायला सांग. मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते, शेवटच्या जागेवरून.

तुझी
मेटे


मठमाता आणि उपमाता इल्झेबे यांना, आणि मग मेटेला.
मार्टिनच्या सणाचा दिवस

हे पत्र तुम्हीच वाचा आणि सभेत सगळ्यांसमोर वाचा. मेटेला वेगळं देऊ नका.

मी मरणार नाही. मी धडधाकट आहे. मरायची पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझा नवरा टिमे गेला. गाव म्हणालं, बाईला भट्टी जमणार नाही. कोणी तोंडावर म्हणालं, कोणी मागून. हिवाळ्याआधी तुमच्या वरच्या दालनाचं छत बंद व्हायचं होतं. शेवटच्या गाडीच्या विटा तेवढ्या बाकी होत्या. त्या वर्षी पाऊस थांबला नाही, दलदलीतून कापून आणलेलं जळण ओलंच राहिलं, भट्टी नुसती धुमसत होती. आठ दिवस आग लागते आणि मग निवायला पाच दिवस. बाबा शिव्या घालून का होईना पण तेरा दिवस थांबायचे. तुमचे गाडीवान तीन दिवस माझ्या अंगणात बसून माझी बिअर पीत होते आणि म्हणत होते, "काय वोबकेबाई, देऊ का निरोप, जमत नाही म्हणून?" मी सहाव्या दिवशी आग विझवली. आठव्या दिवशी भट्टी उघडली.

पक्की वीट दुसऱ्या विटेवर मारली की खणखणते. कच्ची बद्द वाजते. हे मला चालायला यायच्या आधी कळत होतं. मी एकेक वाजवली. अर्ध्याहून जास्त बद्द होत्या, रंगानं फिकट, कातडी सोललेल्या माशासारख्या. मी बद्द विटा गाडीत खाली भरल्या आणि खणखणीत वरती रचल्या. ल्यूडेके तेव्हा शेतावर होता. मी एकटीनं भरल्या. चूक झाली असं म्हणणार नाही, मी ते केलं.

गवंडी हेनिंगनं वरच्या दोन वाजवून बघितल्या आणि मान हलवली. काम झाल्यावर त्यानं कौतुकानं सांगितलं, तुझी शेवटची गाडी सगळी तिसऱ्या खणात गेली, उत्तरेच्या अंगाला. मग वर गिलावा झाला, चुना झाला, हेनिंग तापानं गेला, आणि हे जाणणारी मी एकटी उरले. मी स्वतःला सांगत राहिले, कोरडी राहिली तर कच्ची वीटसुद्धा उभी राहते. मग मी घरच्या डुकरांच्या खुराड्याकडे बघितलं. त्याच भट्टीच्या उरलेल्या विटा तिथे लावल्या होत्या. गेल्या हिवाळ्याच्या थंडीत पाणी मुरलं, गोठलं, फुगलं. ईस्टरच्या आधी भिंतीला हात लावला तर हातात लाल भुकटी आली आणि बाकीची भिंत माझ्या पायावर.

तेव्हाच यायला हवं होतं. आले नाही. तुमच्या नव्या कोठाराचं काम ल्यूडेकेला मिळणार होतं, पणजोबांपासूनचं नाव होतं, आणि मेटे त्या पोरींना ते आभाळाचं सांगत असते. म्हणून मी काय केलं तर एकट्या माझ्या बहिणीला त्या छताखालून काढायला निघाले. खोकला, वारा, काय काय सांगितलं. बाकीच्यांचा विचार मनात आला होता. आला आणि मी तो ढकलून दिला. इतकी वाईट आहे मी.

मेटे, तू माझं ऐकून शिक्षा घेतलीस आणि तिथे टालेके जाऊन बसली. गेझे विणकरीण रोज सकाळी माझ्या दारावरून जाते. काल म्हणाली, "मठात माझी पोर वरच्या जागेवर बसली म्हणे, उजेडात." मी तिला अंडी दिली. दुसरं काय देणार होते?

आता सांगते ते करा. हे वाचून झाल्यावर त्या दालनात कोणी पाऊल टाकू नका. खाली चर्चमध्ये गा, दोषसभेच्या खोलीत गा, कोठारात गा, पहिल्या बारा जणी गातच होत्या. मी आणि ल्यूडेके लाकडाचे टेकू घेऊन येतो, तिसरा खण उतरवतो आणि नव्यानं बांधतो. विटा माझ्या, मजुरी माझी. माझा जो न्याय करायचा तो नंतर सावकाश करा.

वोबके


वीटभट्टीच्या वोबकेबाईंना.
संत मार्टिनच्या सणानंतरचा शनिवार

तुमचं पत्र मठमातांनी ऐकलं. ते सभेत वाचणं त्यांना योग्य वाटलं नाही, कारण भीतीनं प्रार्थनेत खंड पडतो. आमच्या दोन श्रमिक बंधूंना छत पाहायला लावलं. त्यांनी खालून दिवा धरून नीट पाहिलं. चुना अखंड आहे, कुठेही भेग वा डाग नाही. गेल्याच आठवड्यात नवा हात दिला होता.

पवित्र केलेलं दालन सोडून दुसरीकडे गाण्याची परवानगी देणं आमच्या हातात नाही. वसंतात गुरुमठाचे महंत पाहणीला येतील तेव्हा हा विषय त्यांच्यापुढे ठेवू. दोषाची कबुली तुम्ही तुमच्या गावच्या पाद्र्याजवळ द्यावी. साध्वी मेटे यांना शिक्षेचे दिवस संपेपर्यंत पत्रव्यवहाराची मुभा नाही. त्यांना तुमच्या तब्येतीबद्दल कळवलं आहे.

इल्झेबे


उपमाता इल्झेबे यांना.
संत एलिझाबेथच्या सणाचा दिवस, मंगळवार

चुना अखंड आहे. अखंड असणारच. तुम्ही दर पावसानंतर मारता. त्या छतानं पाच वेळा तुम्हाला सांगितलं आणि पाच वेळा तुम्ही त्याचं तोंड पुसलंत. खालून दिवा धरून काय दिसणार? वर जा, छपराखालच्या पोकळीत रांगत जा आणि मागच्या बाजूनं विटेत बोट घाला. बोट आत गेलं तर मला उत्तर लिहायची गरज नाही, पळा.

तुमचं उत्तर यायच्या आधीच, गुरुवारी, मी दाराशी आले होते. दारवान बहीण म्हणाली, मेटेशी बोलता येणार नाही, उपमाता कामात आहेत. मी म्हटलं, मी थांबते. ती म्हणाली, थांबा. संध्याकाळपर्यंत थांबले. आतून गाण्याचा आवाज येत होता. एक आवाज सगळ्यांच्या वर होता, कोवळा. कोणाचा ते मला विचारावं लागलं नाही. मी दाराच्या दगडावर बसले होते आणि कान झाकता येत नव्हते, कारण आवाज बंद झाला तर ते मला कळायला हवं होतं.

तुम्ही वसंत म्हणता. वसंताच्या आधी हिवाळा आहे. कालपासून इथे डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरायला लागलाय.

कबुली पाद्र्याजवळ द्या म्हणालात. दिली. त्यानं क्षमा दिली, त्याला सोपं आहे. मग ल्यूडेकेला सांगितलं. तो उठून टेकूंची लाकडं मोजायला गेला, आणि तेव्हापासून माझ्या हातचं जेवत नाही. मग आज सकाळी मी गेझेकडे गेले. मागावर बसली होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गाडीत खाली कुठल्या आणि वर कुठल्या तेही. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "ईस्टरपासून?" मी म्हटलं, हो. "आणि तुझ्या बहिणीला उठवलंस तिथून?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "अंडी परत घेऊन जा." मग शाल घेतली आणि सबंध गल्लीत दारोदार गेली.

आता ही गोष्ट माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही. रविवारी गाव तुमच्या खालच्या चर्चमध्ये प्रार्थनेला येतं. या रविवारी गाव येईल, पण गुडघे टेकणार नाही. गेझे पुढे असेल. ल्यूडेके शिडी आणेल. मी मधोमध उभी राहून वर तोंड करून मेटेला आणि टालेकेला आणि एकेकीला नावानं हाक मारीन, आणि खाली या म्हणून सांगेन, आणि का ते सांगेन. तुमचं मौन मोडेल, त्याचा दोष माझ्या नावावर मांडा.

ते टाळायचं असेल तर टाळता येईल. मला सही-शिक्क्याचं पत्र नको, क्षमाही नको. एका कागदावर एक ओळ हवी, टालेकेच्या हातची, गेझेला तिचं अक्षर ओळखू येतं. आज मी कुठे बसून गायले, एवढंच तिनं लिहावं. माझा माणूस तुमच्या दाराशी उभा राहील. शनिवारी दुपारच्या घंटेपर्यंत ती ओळ त्याच्या हातात द्या.

वोबके